पुराव्याची विद्या : आपल्या मुलांसाठी एक वेगळी वाट

गेल्या चातुर्मासाच्या अखेरीस मी मिरजगावला माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. अहिल्यानगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, कर्जत तालुक्यातले हे बाजाराचे गाव. ज्वारी, तूर, उडीद यांच्या खरेदी-विक्रीवर येथील आपल्या कित्येक कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या उभ्या राहिल्या. अण्णांची (मावसभावाला आम्ही सारे अण्णाच म्हणतो) पेढीही त्यांतलीच. गादी-तक्क्याच्या जागी आता टेबल-खुर्ची आली आहे, लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांच्या जागी संगणक आला आहे आणि दाराच्या चौकटीवर कॅमेरा बसला आहे. पण दुपारी जेवणानंतर हिशेबाबरोबर घरचे प्रश्नही त्याच जागी बसून सुटतात, ही रीत मात्र कायम आहे.

त्या दुपारचा प्रश्न अण्णांच्या नातीचा होता. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. पुढे फॉरेन्सिक सायन्समध्ये एम.एस्सी. करायचे, असे तिने घरात जाहीर केले होते आणि त्यावरून आठवडाभर अबोला चालला होता. अण्णा मला म्हणाले, "तू बँकेत होतास, चार गावे पाहिली आहेस. तूच सांग पोरीला. बी.एड. कर, सी.ए. कर, नाही तर औषधांचे दुकान काढून देतो. पण मुडद्यांची चिरफाड अन् पोलीस-कोर्टाच्या पायऱ्या, हे आपल्या घरात शोभते का?"

मुलगी उंबऱ्यापाशी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "दादाजी, चिरफाड डॉक्टर करतात. मी प्रयोगशाळेत असेन. आजोबा, निदान हे काय असते ते तरी सगळ्यांना सांगा."

त्या दिवशी मी जे सांगितले आणि घरी परतल्यावर वाचून-विचारून जे पक्के केले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. आपल्या समाजातील अनेक घरांत हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून.

एका घराच्या तीन खोल्या

न्यायसहायक विज्ञान, गुन्हेशास्त्र आणि कायदा ही तीन शास्त्रे वेगवेगळी असली तरी एकाच घराच्या तीन खोल्यांसारखी आहेत.

न्यायसहायक विज्ञान म्हणजे ज्याला सर्वत्र फॉरेन्सिक सायन्स म्हणतात ते. 'हे घडले कसे आणि कोणाच्या हातून?' या प्रश्नाचे उत्तर ते वस्तूंकडून मिळवते. बोटांचे ठसे, रक्त, विष, केस, माती, बंदुकीची गोळी, कागदावरील शाई, मोबाईलमधील नोंदी हे त्याचे विषय. शवविच्छेदन हा त्याचा भाग नव्हे; ते काम न्यायवैद्यकशास्त्र शिकलेल्या डॉक्टरांचे. प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञापुढे येतात त्या मोहोरबंद बाटल्या आणि पाकिटे. त्यांचे पृथक्करण करून तो जो अहवाल देतो, त्याला पोलीस आणि वकील मंडळी 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात.

गुन्हेशास्त्र विचारते, 'माणूस गुन्हा का करतो, आणि तो पुन्हा करू नये म्हणून काय करावे?' समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि तुरुंग-सुधारणा यांच्याशी त्याचे नाते आहे.

आणि कायदा विचारतो, 'हा पुरावा ग्राह्य आहे काय, आणि आरोपीला त्याच्या बचावाची पूर्ण संधी मिळाली काय?' प्रयोगशाळेतील सत्य न्यायालयातील सत्य व्हायचे असेल तर त्याला कायद्याच्या दारातूनच जावे लागते. म्हणूनच पदव्युत्तर पातळीवर हे तीन विषय एकमेकांत गुंफून शिकविले जातात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पुराव्याचा कायदा शिकावा लागतो आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला डीएनए म्हणजे काय ते समजून घ्यावे लागते.

ही विद्या व्यापाऱ्याला परकी नाही

अण्णांना मी प्रथम एक जुनी हकीकत सांगितली. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी खडी पुरविण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या स्थानिक ठेकेदाराशी केला. पुढे हा माणूस 'ही सही माझी नव्हेच' असे म्हणू नये, म्हणून हर्शेलने कराराच्या पाठीमागे त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. बोटांच्या ठशांच्या आधुनिक शास्त्राची सुरुवात सांगताना हा प्रसंग हटकून सांगितला जातो. पुढे १८९७ साली कोलकात्यात ठशांचे जगातील पहिले कार्यालय स्थापन झाले. ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत हेन्री या अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली, तिच्या उभारणीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. म्हणजे या शास्त्राचा उगम खुनाच्या तपासात नव्हे, तर माल पुरवठ्याच्या एका करारात, व्यापाराच्या कागदावर आहे!

धर्माच्या बाजूनेही पाहू. पाथर्डी बोर्डाच्या परीक्षा देत आपण मोठे झालो. श्रावकाच्या बारा व्रतांचे अतिचार आपल्यापैकी अनेकांना पाठ आहेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख तयार करणे आणि 'न्यासापहार' म्हणजे दुसऱ्याची ठेव बुडविणे हे दोष सांगितले आहेत. अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी वजनेमापे आणि 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे भेसळ वा नकली माल खऱ्याच्या भावाने विकणे हे येते. बनावट दस्तऐवज, बँक-पतसंस्थांतील अपहार, भेसळ, नकली नोटा : आजच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेच्या निम्म्या विभागांची नावे ही या अतिचारांचीच नवी नावे आहेत. जे दोष टाळायला आपल्याला लहानपणी शिकविले, ते शोधून काढण्याची विद्या आपल्या घरात अशोभनीय कशी ठरेल?

एक स्वाक्षरी आणि एक मुनीमजी

आता थोडे स्वतःविषयी, कारण या विषयाचे मोल मला ज्या प्रसंगाने शिकविले तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तीसेक वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. एका मोठ्या पेढीच्या खात्यावरील दोन धनादेश वटले आणि महिनाअखेरीस शेठजी धावत आले. सह्या त्यांच्या नव्हत्या. ते धनादेश मंजूर करणारा अधिकारी मीच. नमुना स्वाक्षरीच्या कार्डाशी सही जुळवून पाहिली होती. मला ती हुबेहूब वाटली होती.

चेकबुक पेढीवरच्या ज्या कपाटात असे, त्याची किल्ली चाळीस वर्षे नोकरीत असलेल्या मुनीमजींकडे होती. संशय त्यांच्यावर गेला. कोणी काही सिद्ध केले नव्हते, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांना गादीवर बसू दिले नाही. रीतसर तक्रार झाली. दोन्ही धनादेश, शेठजींच्या पूर्वीच्या निर्विवाद सह्या, आणि मुनीमजींसह पेढीवर वावरणाऱ्या सर्वांच्या हस्ताक्षरांचे नमुने तपासणीसाठी पुण्याला हस्ताक्षरतज्ज्ञांकडे गेले.

अहवाल यायला वर्षाच्या आसपास लागले. त्यातील निष्कर्ष मला अजून आठवतात. सह्या खऱ्या सहीवर कागद ठेवून गिरविलेल्या होत्या. रेघेत सहजता नव्हती. जिथे खरा सही करणारा हात न थांबता पुढे जातो, तिथे पेन उचलून पुन्हा टेकविल्याच्या खुणा होत्या. शाईचा दाब सर्वत्र एकसारखा होता. डोळ्यांना 'हुबेहूब' दिसणे हाच त्या सहीचा दोष होता, कारण कोणीही माणूस दोनदा अगदी एकसारखी सही करीत नाही. मी कार्डाशी आकार जुळवला होता. तज्ज्ञाने हाताची चाल तपासली होती. गिरविणाऱ्याचा हात अशा सहीवरून ओळखणे अवघड असते; परंतु अक्षरी रक्कम त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. ते अक्षर मुनीमजींचे नव्हते. ते पेढीच्या घरातीलच एका तरुणाचे असल्याचे मत अहवालात होते.

शेठजींनी प्रकरण घरातल्या घरात मिटविले आणि मुनीमजींना बोलावणे पाठविले. पण तोपर्यंत त्यांनी गावातले घर विकले होते आणि ते मुलाकडे निघून गेले होते. ते परत आले नाहीत. अहवालाने त्यांची अब्रू वाचवली खरी, पण वर्षभराने. ते वर्ष त्यांना कोणी परत देऊ शकले नाही. त्या वर्षात मीही त्यांना रस्त्यात पाहून मान वळविली होती, हे आज कबूल करतो.

ही गोष्ट मी मिरजगावला सांगितली तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. फॉरेन्सिक म्हणजे गुन्हेगाराला पकडण्याचे शास्त्र अशी आपली समजूत असते. निरपराध माणसाला सोडविण्याचेही ते शास्त्र आहे. आणि तशा जाणत्या हातांची संख्या कमी असल्यामुळे अहवाल उशिरा येतात. या क्षेत्रात मुले जायला हवीत याचे माझ्या लेखी पहिले कारण हे आहे.

आपल्याच जिल्ह्यातील दोन निकाल

दुसरे कारण आपल्या परिसराने सोसलेले आहे. नोव्हेंबर २०१७ या एकाच महिन्यात अहमदनगरच्या न्यायालयातून दोन निकाल बाहेर आले.

पहिला खटला शेजारच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथील. एप्रिल २०१४ मध्ये नितीन आगे या शाळकरी दलित मुलाची हत्या झाली होती. खटल्यात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले आणि सर्व आरोपी निर्दोष सुटले.

दुसरा खटला आपल्या कर्जत तालुक्यातीलच कोपर्डीचा. १३ जुलै २०१६ रोजी एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. साऱ्या महाराष्ट्राने रस्त्यावर उतरून शोक केला, ते आपण पाहिले आहे. हा खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा होता. सरकार पक्षाने ३१ साक्षीदार तपासले, घटनाक्रमाची एकेक कडी दुसरीत अडकविली आणि २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघाही आरोपींना सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली.

दोन्ही खटल्यांची तुलना सरळ करता येणार नाही. प्रत्येकाची परिस्थिती निराळी होती. तरीही सामान्य माणसाला त्यांतून एक बोध घेता येतो. केवळ तोंडी साक्षीवर टेकलेला खटला साक्षीदाराबरोबर कोसळतो. साक्षीदाराला धाक असतो, नाती असतात, गावात राहायचे असते. वस्तूला यांतले काहीच नसते. मात्र ती वस्तू वेळेवर, योग्य रीतीने उचलली, मोहोरबंद केली आणि जाणत्याने तपासली, तरच ती बोलते.

नवा कायदा आणि नवी गरज

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे आवश्यक ठरविले आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचेही दृक्-श्राव्य चित्रीकरण आता करावयाचे आहे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पूर्वी तज्ज्ञ शहरातील प्रयोगशाळेत बसे आणि पुरावा त्याच्याकडे जाई. आता तज्ज्ञाला मिरजगावसारख्या गावांपर्यंत यावे लागेल. केंद्र सरकारने २०२४ मध्ये या क्षेत्राच्या उभारणीसाठी सुमारे २,२५४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्रानेही फिरत्या फॉरेन्सिक व्हॅन रस्त्यावर आणण्यास सुरुवात केली आहे. पण गाडी विकत घेता येते. तिच्यात बसणारा माणूस घडवावा लागतो.

शिक्षण कोठे आणि कसे

महाराष्ट्राची न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा १९५८ पासून काम करीत आहे. तिचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती आदी ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. हस्ताक्षर, दस्तऐवज आणि अंगुलीमुद्रा यांची राज्यपातळीवरील यंत्रणा पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे.

शिक्षणासाठी राज्य शासनाने २००९ मध्ये मुंबईत न्यायसहायक विज्ञान संस्था सुरू केली. पुढे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर येथेही अशा शासकीय संस्था निघाल्या. तेथे पदवीबरोबरच न्यायसहायक विज्ञान व संबंधित कायदा, तसेच डिजिटल व सायबर न्यायसहायक विज्ञान अशा विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. देशपातळीवर गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ अग्रगण्य आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या गुजरातच्या राज्य विद्यापीठाला संसदेच्या २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. दिल्ली, गोवा यांसह अनेक ठिकाणी त्याची संकुले आहेत.

आपल्या मुलांची पदवी कोणती आहे, त्यानुसार वाट ठरते.

विज्ञानाचे पदवीधर : रसायनशास्त्र, जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भौतिकशास्त्र घेतलेल्यांना एम.एस्सी. फॉरेन्सिक सायन्सचा मार्ग खुला असतो. विषशास्त्र, डीएनए, दस्तऐवज, शस्त्रे यांपैकी एका शाखेत पुढे विशेष अभ्यास करता येतो. संगणकाच्या पदवीधरांसाठी डिजिटल फॉरेन्सिक आहे, आणि आज मागणीही त्यालाच मोठी आहे.

वाणिज्याचे पदवीधर : आपल्या घरांत हेच अधिक. त्यांना वाटते, आपला याच्याशी काय संबंध? वास्तविक फॉरेन्सिक अकाउंटिंग ही शाखा त्यांचीच आहे. साधे लेखापरीक्षण विचारते, 'हिशेब नियमाने लिहिला आहे काय?' फॉरेन्सिक लेखापरीक्षण विचारते, 'हिशेब नियमाने लिहिलेला दिसतो आहे. पण पैसा प्रत्यक्षात कोठे गेला?' एकाच तारणावर दिलेली दोन कर्जे, कर्ज फेडण्यासाठीच काढलेले दुसरे कर्ज, कागदावरच फिरणारा माल, अशा वाटांचा माग ते काढते. याची झळ आपल्या जिल्ह्याने सोसली आहे. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला आणि तेथील कर्जव्यवहारांच्या फॉरेन्सिक ऑडिटची चर्चा घराघरांत झाली. कोण दोषी, हे न्यायालय ठरवील. पण तो शब्द तेव्हा ठेवीदारांच्या तोंडी बसला. सनदी लेखापालांच्या संस्थेने (आय.सी.ए.आय.) या विषयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालविला आहे आणि फॉरेन्सिक लेखांकनाची तिची मानके १ जुलै २०२३ पासून सदस्यांना बंधनकारक आहेत. गांधीनगरच्या विद्यापीठात या विषयात एम.बी.ए.ही करता येते.

कायद्याचे पदवीधर : कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यावर तीन वर्षांचे एल.एल.बी. करता येते, त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. त्यानंतर एल.एल.एम. मध्ये फौजदारी कायदा वा सायबर कायदा हा विशेष विषय घेता येतो. विज्ञान आणि कायदा दोन्ही शिकलेला वकील आजही विरळा आहे. तज्ज्ञाची उलटतपासणी घेणे ही सोपी गोष्ट नव्हे.

समाजशास्त्र, मानसशास्त्र वा समाजकार्य यांत रस असलेल्यांसाठी गुन्हेशास्त्र आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयाची जुनी परंपरा आहे. फॉरेन्सिक सायन्स आणि गुन्हेशास्त्र हे दोन्ही विषय प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेतही आहेत.

तोटाही पाहावा

व्यापारी माणूस नफ्याबरोबर तोटाही मांडतो. म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

शासकीय नोकरभरती नियमित नसते. जाहिरातीची वाट पाहण्यात वर्षे जातात. तोपर्यंत सायबर सुरक्षा, विमा, बँका, औषध आणि अन्न तपासणीच्या खासगी प्रयोगशाळा यांकडे वळण्याची तयारी हवी. अनेक खासगी संस्था आकर्षक नावांचे अभ्यासक्रम काढतात. पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाची मान्यता, प्रयोगशाळेची सोय आणि मागील विद्यार्थी कोठे लागले, ही तिन्ही चौकशी स्वतः जाऊन करावी. थोड्या महिन्यांच्या प्रमाणपत्रावर कोणी 'हस्ताक्षरतज्ज्ञ' होत नाही. चित्रवाणीवरील मालिकांत तासाभरात उलगडणारे रहस्य प्रत्यक्षात महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी, तपासण्या आणि न्यायालयातील तारखा यांनी भरलेले असते. काम मनावर ओझे टाकणारे आहे, हेही खरे.

शिवाय या शास्त्राला मर्यादा आहेत. हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत सावधपणे तोलून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मुरारीलाल खटल्यात सांगितले. संमतीवाचून कोणाचीही नार्को चाचणी करता येणार नाही, असा निकाल २०१० मध्ये सेल्वी खटल्यात झाला. तज्ज्ञाचे मत म्हणजे निकाल नव्हे. निकाल न्यायाधीश देतात. 'माझ्या तपासणीपुरते असे दिसते' एवढेच म्हणून थांबणे ज्याला जमते, तोच या क्षेत्रात टिकतो. स्याद्वादाच्या संस्कारात वाढलेल्या मुलांना ही भाषा अवघड जाऊ नये.

गुन्हेगारातला माणूस

अण्णांचा शेवटचा आक्षेप अहिंसेचा होता. रोज हिंसेचे अवशेष हाताळायचे, त्याने मन निबर होणार नाही काय?

मी त्यांना सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची आठवण दिली. १९३९ साली औंध संस्थानात बंद्यांसाठी भिंतींवाचून वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेल्या माणसांना शेती दिली, कुटुंबासह राहू दिले, विश्वास दिला. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. गुन्हेशास्त्राचा खरा अभ्यास तेथे नेतो. पापाचा तिरस्कार करावा, पाप्याला सुधारण्याची संधी द्यावी, हे आपल्या संतांनी व्याख्यानांतून सांगितलेलेच तर शास्त्र येथे कामाला लावले आहे. हिंसा झाल्यावर तिचे सत्य शोधणे ही हिंसा नव्हे. खोट्या आरोपाखाली एखाद्याचे आयुष्य जाऊ देणे, ही मात्र आपल्या हातून होणारी हिंसा ठरेल.

पेढीवर आजपासून करण्यासारखे

मूल या क्षेत्रात जावो वा न जावो, काही गोष्टी प्रत्येक व्यापाऱ्याने पाळाव्यात.

कोरा सही केलेला धनादेश कोणालाही देऊ नये. देण्यापोटी स्वेच्छेने दिलेल्या अशा धनादेशावर इतर कोणी मजकूर भरला तरी सही करणाऱ्याची जबाबदारी गृहीत धरली जाऊ शकते, असे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीर सिंग खटल्यात सांगितले आहे. वादातील मूळ कागदाला भोके पाडू नयेत, त्यावर काही लिहू नये, तो घडी न करता स्वच्छ पाकिटात ठेवावा.

दुकानात चोरी झाली तर कॅमेऱ्याचे चित्रीकरण त्याच दिवशी जपून ठेवावे; यंत्र ठरावीक दिवसांनी जुने पुसून त्यावर नवे नोंदविते. मोबाईलवरील संदेशाचा नुसता फोटो पुरेसा नसतो. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ मोबाईल जपावा आणि वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा. बँकेच्या खातेउताऱ्याचा उपयोग न्यायालयात करायचा असेल, तर १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्टप्रमाणे प्रमाणित केलेली प्रत मागावी. साधी छापील प्रत चालत नाही. या एका प्रमाणपत्रासाठी मी स्वतः कितीतरी ग्राहकांना दुसऱ्यांदा फेरी मारताना पाहिले आहे.

शेवटी

त्या संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपून अण्णा ओट्यावर येऊन बसले. बराच वेळाने म्हणाले, "त्या मुनीमजींचे पुढे काय झाले, तुला कळले का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "त्या वेळी अहवाल महिन्यात आला असता तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

निघताना मुलीने प्रवेश परीक्षेचा अर्ज मला दाखविला. पालकाच्या सहीची जागा रिकामी होती. अण्णांनी चष्मा पुसला, पेन मागितले आणि सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नीट जुळवून बघ रे या वेळी." सारे हसले, मलाही हसावे लागले.

तिला प्रवेश मिळेल की नाही, नोकरी लागेल की नाही, हे आज सांगता येत नाही. लग्नाच्या बोलण्यात या शिक्षणाचा उल्लेख कसा करायचा, ही तिच्या आईची काळजीही मिटलेली नाही. परंतु आपल्या समाजातील शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टांनी डॉक्टर, अभियंता आणि सनदी लेखापाल यांच्या रांगेत या विद्येलाही जागा द्यावी, आणि जाणत्या पालकांनी मुलांचे ऐकून मगच 'नाही' म्हणावे, एवढी विनंती करावीशी वाटते. ठेव जपणे आणि खरा लेख लिहिणे यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी बाजारात पत मिळविली. खोटा लेख ओळखणारी एखादी नात त्याच पेढीवरून पुढे गेली, तर ती पत वाढेलच.

जय जिनेंद्र.